सालिमची आई

रत्नागिरी
८ जुलै २०२५

आत्या,

जयभीम. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर "काय ते लिहून पाठव" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र.

सोबत माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आहे. विषय तुला सांगितला होता: आधुनिक अरबी कादंबरीतील आशयसूत्रे आणि प्रतिमा. पहिल्या प्रकरणात वाळवंट झालं, दुसऱ्यात तुरुंग. हे तिसरं वाट पाहणाऱ्या बाईचं. तिकडे तेल सापडलं, गावातले पुरुष तेलाच्या शहरांकडे गेले आणि मागे खजुराची झाडं, विहिरी आणि बायका उरल्या, हे त्यांच्या कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा येतं. माझी मांडणी अशी आहे की ही बाई म्हणजे राष्ट्राची प्रतिमा. विहीर म्हणजे स्मृती आणि किल्ली म्हणजे हरवलेली भूमी.

आमच्या मार्गदर्शक सरांना यातलं ओ की ठो कळत नाही. अरबी कादंबरी म्हटलं की त्यांना उंट हवा. "यात उंट कुठे आहे?" असं त्यांनी मला खरोखर विचारलं. कैरोतल्या एका कारकुनावरची कादंबरी वाचायला दिली, तर महिन्याने परत आली ती आत बिस्किटाचा चुरा घेऊन. या माणसाची सही मिळाली तर मी डॉक्टर होणार.

तेव्हा मराठी तू तपास. परिशिष्टात एका कादंबरीतला उतारा इंग्रजीवरून मी मराठीत आणला आहे, पडताळायला पुस्तकही पाठवते. त्या बाईला पुस्तकभर नाव नाही. सगळे तिला सालिमची आई म्हणतात. एक दिवस ती घराला कुलूप लावते, किल्ली विहिरीच्या काठावर ठेवते आणि नव्या बंदराच्या रस्त्याला लागते. एक लॉरी थांबते. ड्रायव्हर काहीतरी बोलतो आणि ती हसते, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा.

लिहिताना डोळ्यांसमोर सारखी नंदा वहिनी येत होती. काशीरामदादा वर्षानुवर्षं कतारला आणि ती प्रथमेशला घेऊन तिथे वाडीत. तिला यातलं काही सांगू नकोस.

मृणाली


जयगडजवळ, आपली वाडी
१७ जुलै

चि. मृणाली,

प्रकरण वाचलं. लाल पेन आटलं, पुढची पानं पेन्सिलीने तपासली आहेत.

तुझ्या लिखाणात एकही वस्तू आपल्या पायावर उभी नाही. विहीर स्मृती आहे, वाळू काळ आहे, वारा इतिहास आहे, खजूर मूळ आहे. त्या बाईने भाकरी भाजली, तर ती भाकरी कशाची प्रतिमा आहे हे तू तळटीपेत सांगितलं आहेस. मला एवढंच सांग, ती भाकरी शेवटी कुणी खाल्ली का? आणि "प्रतीक्षारत स्त्रीत्वाचा अवकाश" हे काय आहे? मी जन्मभर मराठी शिकवलं. हे माझ्या एखाद्या विद्यार्थिनीने लिहिलं असतं तर तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं, तिथे अवकाश भरपूर असतो.

नंदाला तू राष्ट्र केलंस. हे राष्ट्र सध्या बंदराच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतं. कंत्राटदाराची बस नाक्यावर येते, तिने जातं आणि तिनेच येतं. काशीरामला हे पसंत नाही, त्याच्या आईला तर त्याहून नाही. सून घराबाहेर पडली तेव्हापासून ती ओटीवर बसून रस्त्याकडे बघत असते. वाट बघणारी बाई तुला हवीच असेल तर ती ही आहे, सासू. तिच्यावर एकही कादंबरी आलेली दिसत नाही.

उतारा बरा उतरला आहे, कारण तिथे तू स्वतःचं डोकं चालवलेलं नाहीस.

पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला. यंदा वाचायला पाटावर मला बसवलं आहे. शहरात गेल्यापासून तू फिरकली नाहीस म्हणून आठवण करून देते: दर रविवारी एकेका घरी बसायचं, धम्माचा ग्रंथ वाचायचा, मग चहा. ऐकायला वाडीतल्या सगळ्या बायका येतात आणि तुझ्या सरांपेक्षा लक्ष देऊन ऐकतात.

तुझी,
मालन आत्या


रत्नागिरी
२५ जुलै

आत्या,

दुरुस्त्या मिळाल्या, आभार. शुद्धलेखनाच्या सगळ्या मान्य आहेत. बाकीच्या मी घेतलेल्या नाहीत.

तू शाळेत कथेचं तात्पर्य विचारत आलीस, म्हणून तुला प्रतिमा म्हणजे ढोंग वाटतं. पण ज्या देशांत सरळ बोललं की माणूस तुरुंगात जातो, तिथले लेखक विहिरीतून आणि वाळूतून बोलतात. तो त्यांचा शौक नाही. विहिरीत किती हंडे पाणी आहे हे मोजत बसणाऱ्याला ते कळणार नाही.

वाडीतल्या बायकांचं कौतुक मला नको सांगूस. लहानपणापासून त्या मला माहीत आहेत. कादंबरी त्यांच्यापुढे ठेवली तर "मंग फुडं काय झाला?" यापलीकडे एक प्रश्न यायचा नाही. प्रतिमा समजायला थोडी तयारी लागते, आणि ती चहाबरोबर मिळत नाही.

पुढचं प्रकरण निर्वासनावर आहे. तेही पाठवू ना?

मृणाली


वाडी
१२ ऑगस्ट

चि. मृणाली,

उशीर झाला. इथे जरा गडबड होती.

उतारा तपासून परत पाठवत आहे. "सालिमची आई" ऐकताना अडखळायला होतं, म्हणून मी तिथे नुसतं "पोराची आई" केलं आहे. लॉरीऐवजी गाडी पुरे. बंदर बंदरच ठेवलं आहे.

तो ड्रायव्हर पुढे कादंबरीत येतो का? सहज विचारते. बारीक इंग्रजी अक्षर भिंग घेऊन वाचावं लागतं आणि मी अजून अर्ध्यातही नाही.

नंदाबद्दल काहीतरी उठलं आहे. लोक म्हणतात बसच्या ड्रायव्हरशी हसून बोलते. बसच्या ड्रायव्हरशी काय रडून बोलायचं असतं? पण हे वाऱ्यासारखं पसरलं आणि कतारपर्यंत पोचलंसुद्धा. काशीरामने फोन करून सांगितलं की उद्यापासून नोकरी बंद. तिने ऐकलं नाही आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसली. सासूने तिच्याशी बोलणं टाकलं आहे.

वाडीत बोलायला लोकांना दुसरे विषय नाहीत असं नाही. पण जिभेला वळण लागलं की लागलं.

निर्वासन पाठवू नकोस इतक्यात.

मालन आत्या


रत्नागिरी
१८ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र वाचून हसू आलं. भिंग घेऊन का होईना, शेवटी तुलाही "पुढे काय झालं" हाच प्रश्न पडला ना? ड्रायव्हर पुन्हा येत नाही. तो माणूस नाहीच, तो परकीय भांडवलाची प्रतिमा आहे, एकदाच थांबतो आणि जातो.

नंदा वहिनीचं वाचून वाईट वाटलं. पण बघ, कादंबरीत जे आहे तेच वाडीत जसंच्या तसं घडतं आहे. बंदर, गाडी, बाईचं हसणं आणि त्याने बिथरलेला समाज. मी म्हणत होते ते सिद्ध झालं. माझ्या प्रबंधाला याची जोड मिळाली तर सरांचा उंट कायमचा बसेल. सोबत एक छोटी प्रश्नावली पाठवते. वाडीतल्या बायकांकडून भरून घेशील? विहीर पाहून तुम्हाला काय आठवतं, बंद दार पाहून काय वाटतं, असे साधेच प्रश्न आहेत. वहिनीने स्वतः भरली तर उत्तमच. नाव छापणार नाही.

मृणाली


वाडी
२३ ऑगस्ट

मृणाली,

प्रश्नावली दोघींना विचारली. विहीर पाहून एकीला पंपाची आठवण झाली, तो दुरुस्तीला गेला आहे. बंद दार पाहून दुसरीला वाटलं की घरात कुणी नाही. बाकीचे कागद चुलीशी ठेवले आहेत.

आता ऐक. पुढच्या रविवारी, एकतीस तारखेला, विहारात बैठक बोलावली आहे. मुंबई मंडळाची माणसं सुट्टीला गावी आलेली आहेत, तीही बसतील. विषय नंदा. नोकरी सोडायची नाहीतर मुलाला सासूपाशी ठेवून माहेरी जायचं, असं काशीरामने कळवलं आहे आणि बैठकीने ते तिच्या गळी उतरवायचं आहे. नंदा म्हणते दोन्ही करणार नाही. पण सगळ्यांनी मिळून सांगितल्यावर ती एकटी किती दिवस टिकेल?

तुझा उतारा इथे बायकांच्या कानावर गेला आहे. त्यांना वाटतं ती बाई म्हणजे नंदाच. तू रविवारी ये. पुस्तक माझ्याकडे आहे. सर्वांसमोर उभी राहून सांग की हे परदेशातल्या माणसाने रचलेलं आहे आणि तुला नंदाबद्दल काही ठाऊक नाही. तू सांगितलंस तर ऐकतील. वाडीतली कॉलेजात शिकवणारी तू एकटीच आहेस, तुझ्या त्या शिक्षणाचा एकदा तरी कुणाला उपयोग होऊ दे.

मालन आत्या


रत्नागिरी
२७ ऑगस्ट

आत्या,

"कानावर गेला आहे." छान वाक्य आहे. तो आपल्या पायांनी चालत गेला का?

दर्शनदादाचा फोन आला होता. मुंबईहून आला आहे ना तो, त्याने बायकांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. सत्तावीस जुलैचा रविवार, आत्माराम तात्यांची ओटी. ग्रंथ वाचून झाला, चहा झाला, आणि तू पिशवीतून माझे कागद काढलेस. "आता हे ऐका, आपल्या मृणालीला वाटतं तुम्हाला समजणार नाही," असं म्हणून वाचलंस. बाईचं नाव गाळलंस, सालिम गाळलास, लॉरीची गाडी केलीस. पोराची आई, नवरा परदेशी, बंदर, गाडी. त्यांनी नंदा वहिनीला ओळखलं नसतं तरच नवल.

आणि मला बारा तारखेला लिहिलंस काय, तर "लोकांच्या जिभेला वळण लागलं." माझ्या भाकरीवर एवढं हसलीस. मी निदान कागदावर एका बाईला राष्ट्र केलं, तिला कळलंही नसतं. तू तिला अख्ख्या वाडीसमोर उभं केलंस, ते कशासाठी? मला खोटं पाडायला. घरात दुसरं माणूस नाही, उलटून बोलणारं कुणी नाही, म्हणून तुझं चुकतं हे तुला कुणी सांगत नाही. मी सांगते.

रविवारी मला येता येणार नाही. शनिवार-रविवार आमच्याकडे चर्चासत्र आहे आणि माझा निबंध आहे. सोबत निवेदन पाठवते, ते वाचून दाखव. त्यात सदर स्त्री ही वास्तवातील व्यक्ती नसून उत्तर-वसाहतवादी राष्ट्रकल्पनेची प्रतिमा आहे, असं स्वच्छ शब्दांत लिहिलं आहे.

मृणाली


वाडी
२ सप्टेंबर

मृणाली,

तुझं निवेदन मी वाचलं नाही. ते वाचलं असतं तर नंदावर आणखी एक आरोप आला असता.

बाकी तू लिहिलंस ते खरं आहे. त्यावर मला काही म्हणायचं नाही. तू आली नाहीस, त्यावर म्हणायचं आहे, पण ते जाऊ दे. चर्चासत्रात जेवण काय होतं ते कधीतरी कळव.

बैठक झाली. नंदा खांबाला टेकून बसली होती, कँटीनची निळी साडी तशीच अंगावर. काशीरामचा फोन लावून मधल्या सतरंजीवर ठेवला होता, म्हणजे तोही हजर. मी उभी राहिले आणि सांगितलं की मी वाचलं ती कादंबरी आहे, ती बाई खोटी आहे. हे बघा पुस्तक.

आत्माराम तात्या अध्यक्ष. शांतपणे म्हणाले, "मालनबाय, खोटा असता तर तुमी वर्षावासात, त्या पाटावर बसून वाचला असतात काय? त्या पाटावरनं आजवर कोनी खोटा वाचलान न्हाय."

मृणाली, मी पुस्तक मिटलं. त्या पाटावरून जे वाचलं जातं त्याच्यावर ही माणसं आपलं आयुष्य बेततात. त्यांच्या आजोबा-पणजोबांना जे कुणी वाचू दिलं नव्हतं ते तिथून वाचलं जातं. तिथे बसून मी तुझ्या खोडीला उत्तर म्हणून एक कादंबरी वाचली होती. त्यांनी ती खरी धरली यात त्यांचं काय चुकलं?

मग बायकांतून आवाज आला, "वाचलात तर शेवटपातुर वाचा. फुडं काय झाला तिचा?" तुझा तो प्रश्न. तू हसतेस तो.

शेवट मी आदल्या रात्रीच भिंगाने वाचला होता. तो मला वाचायचा नव्हता. पण लपवलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. उभ्या उभ्या इंग्रजीचं मराठी करत वाचला. ती बाई बंदरावरून परत येते. वादळ होऊन गेलेलं असतं. ती विहिरीत वाकून बघते, पाण्यात तिला सगळं गाव दिसतं, आणि ती त्यात उतरते. चंद्र, खजुराची सावली, वाळूवरची तिची पावलं, काठावर चमकणारी किल्ली. पानंच्या पानं आहेत. नवरा येतो, किल्ली उचलतो, संपलं. वाचताना मला राग येत होता. जिवंत बाई त्या लेखकाला पुढे पेलली नाही म्हणून त्याने ती विहिरीत ढकलली आणि वर चंद्र टांगला.

फोनमधून काशीरामचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं, आता झालं. आता हेच म्हणतील, बघा, असं होतं.

तेव्हा काशीरामची आई बोलली. महिनाभर जी सुनेशी बोलत नव्हती ती.

"मंग पोराचा काय झाला?"

मी म्हटलं, "कुठल्या पोराचं?"

"तिच्या. पोराची आई म्हनून वाचलात ना? कुलूप लावलान तवा पोर आत व्हता का भायेर?"

मी पानं उलटली. उताऱ्याच्या आधीची, नंतरची, शेवटची. सगळे बघत होते. सालिमला पहिल्या प्रकरणात ताप येतो, आई त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवते, आणि त्यानंतर तो कुठे नाही. बाईला नाव दिलं नाही, तिच्या पोराच्या नावाने तिला हाक मारली, आणि ते पोरच लेखक विसरला. खजूर पानोपानी आठवला. तू तरी विचारलं होतंस का कधी, मृणाली? तुझ्या तळटीपांत भाकरी आहे, किल्ली आहे, सालिम नाही. आणि मीही त्याचं नाव खोडून टाकलं होतं.

मी सांगितलं, लिहिलेलं नाही.

मग बायका सुटल्या. जिने पहिल्यांदा बसच्या ड्रायव्हरचं काढलं होतं तीच सर्वांत पुढे. "येवडा शिकलेला मानूस आनि पोर इसारला?" "आत व्हता तर त्याला भूक लागली आसंल." "आई आसती तर ती पोराला घिऊन गेली आसती, न्हायतर कुनाकडं ठिवून. अशी न्हाय जात." कुणीतरी म्हणालं, ही बाईच नव्हे, हे कुणा पुरुषाने बसून रचलेलं आहे. त्यावर अख्खी सतरंजी हसली. एवढ्या तुच्छतेने एखाद्या लेखकाकडे बघितलेलं मी पाहिलेलं नाही, आणि मी बऱ्याच लेखकांकडे तसं बघितलं आहे.

फोनमधून काशीराम म्हणाला, "आये, पन बसचा काय?"

"तू गप ऱ्हा," ती म्हणाली. "परथमेश माज्याकडं आसतो. आमच्या घराला दिवसाचा कुलूप लागत न्हाय. तिचा नि त्या बायचा काय संबंध?"

आत्माराम तात्यांनी दोन्हीकडे बघितलं आणि विषय मिटला म्हणाले. नोकरी राहिली. मला पाटावरून उतरवलं आहे, उरलेलं वाचन त्यांची सून करील. ते बरोबरच आहे.

मला वाटलं होतं नंदा रडेल, निदान सासूचा हात धरेल. तसं काही झालं नाही. सगळे बाहेर पडत होते, मी दाराशी चपला शोधत होते. ती शेजारी येऊन उभी राहिली. म्हटलं, नंदा, माझ्यामुळे झालं. तिने ते ऐकलं न ऐकलंसं केलं.

"आत्या," ती म्हणाली, "पोर व्हता म्हनून सुटले. नसता तर?"

आणि प्रथमेशला घेऊन ती पुढे गेली. सासू मागून.

लग्न न केलेल्या, पोरबाळ नसलेल्या मला तिने हे विचारलं आणि उत्तराला थांबली नाही. दोन दिवस मी त्यावर विचार करते आहे. पुस्तक आणि निवेदन सोबत परत पाठवत आहे. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात याचं उत्तर कुठे असेल तर पान क्रमांक कळव.

मालन आत्या